ट्रेपासीचे पाणी

न्यूफाउंडलंडच्या आग्नेय टोकाला ट्रेपासी नावाचे मासेमारांचे लहानसे गाव आहे. धुके, थंडी आणि कॉड मासा यांपलीकडे त्याची ओळख सांगावी असे फारसे काही नाही. तरी विमानांच्या इतिहासात या गावाचे बंदर दोनदा येते, १९१९ साली आणि १९२८ साली, आणि दोन्ही वेळा अडचण एकच होती. अटलांटिक ओलांडायला पुरेल एवढे पेट्रोल भरलेले विमान पाण्यावरून उठता उठत नव्हते.

२०१७ च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीवर सागरी विमानाची चाचणी झाली. विमान पाण्यावर उतरते, याचेच आपल्याला अशा वेळी नवल वाटते. वैमानिकाचा कस लागतो तो उठताना. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. इंजिनाने जोर धरला की विमानाचे नाक वर येते, शेपूट खाली दबते आणि पुढे पाण्याचा डोंगर उभा राहतो. या टप्प्यावर पाण्याचा विरोध सर्वांत जास्त असतो. तो पार केला की विमान पाण्यावर घसरू लागते आणि वेग भराभर वाढतो. पार झाला नाही, तर इंजिने कितीही ओरडली तरी ते नांगर फरफटत नेल्यासारखे पाणी कापत राहते.

अमेरिकेतल्या ग्लेन कर्टिसला हा अनुभव १९१२ साली आला. त्याची पहिली उडती बोट पाण्याला चिकटून बसली होती. शेवटी बोटीच्या तळाला मध्यावर आडवी खाच देऊन एक पायरी काढली गेली. त्या पायरीमागे हवा शिरते आणि पाण्याची पकड सुटते. आजही सागरी विमानांच्या तळाला ही पायरी असते. म्हणूनच आरशासारखे शांत पाणी वैमानिकाला नकोसे वाटते. बारीक लाटा असल्या तर तळाखाली हवा मिळते. पाणी निपचित असेल तर विमान चिकटून राहते. अशा वेळी वैमानिक विमानाला पाण्यावर गोल फिरवून आपल्या हाताने लाटा तयार करतात. मोठ्या लाटा मात्र तळ फोडतात. किती खळबळ उपकाराची आणि किती घाताची, हे सांगणारा काटा त्या काळच्या कोणत्याच विमानात नव्हता.

मे १९१९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या तीन उडत्या बोटी ट्रेपासीहून अझोर्स बेटांकडे निघणार होत्या: एनसी-१, एनसी-३ आणि एनसी-४. प्रत्येकीला चार इंजिने; वजन भरल्यावर सुमारे २८,००० पौंड. एनसी-४ इंजिनाच्या बिघाडाने मागे पडली होती आणि तिला 'लंगडे बदक' असे नाव पडले होते. ती येण्याची वाट न पाहता १५ मे रोजी इतर दोघींनी उठण्याचा प्रयत्न केला. दोघीही उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिघी निघाल्या, पण एनसी-३ काही केल्या पाणी सोडेना. मोहिमेचा प्रमुख जॉन टॉवर्स याने मग एका माणसाला किनाऱ्यावर उतरवले. संकटकाळासाठी ठेवलेले छोटे रेडिओयंत्रही मागे राहिले. विमान उठले.

रात्रभर उडून पहाटे धुक्यात दिशा हरवल्यावर टॉवर्सने समुद्रावर उतरून ठिकाण निश्चित करायचे ठरवले. वरून समुद्र बरा दिसत होता. टेकताच कळले, लाटा प्रचंड आहेत. इंजिनांचे आधार वाकले. पुन्हा उडण्याचा प्रश्नच उरला नाही. मुख्य रेडिओची वीज उडतानाच्या वाऱ्यावर तयार होत असल्याने पाण्यावर बसलेल्या विमानातून निरोप पाठवता येईना. ज्या यंत्राने तो गेला असता, ते ट्रेपासीला होते. त्या विमानाच्या वैमानिकांत होल्डन रिचर्डसन होता. या बोटींच्या तळाचा आराखडा त्याचाच. सुमारे दोनशे मैल, मागच्या बाजूने वाहत, वारा शिडासारखा वापरत ते लोक १९ मे रोजी पोंता देल्गादाला पोहोचले. एनसी-१ देखील अशीच उतरली आणि अडकली. तिच्या माणसांना एका ग्रीक जहाजाने उचलले, ती मात्र बुडाली. लंगडे बदक तेवढे होर्ताला आणि पुढे २७ मे रोजी लिस्बनला पोहोचले.

टॉवर्सला दोष देणे सोपे आहे. मला तो देववत नाही. बंदरात उभ्या विमानात वजन कमी करायचे तर काय काढायचे? पेट्रोल काढले तर अंतर पुरत नाही. माणूस, यंत्र, अन्न यांतलेच काहीतरी उतरते. उठण्यापुरती निवड बरोबर होती, आणि तिची किंमत दुसऱ्या दिवशी चुकवावी लागली.

नऊ वर्षांनी, ४ जून १९२८ रोजी, त्याच पाण्यावर 'फ्रेंडशिप' उतरले. चाकांऐवजी तरंगणारे पाय लावलेले तीन इंजिनांचे फोकर विमान. वैमानिक विल्मर स्टुल्ट्झ, मेकॅनिक लू गॉर्डन, प्रवासी अमेलिया इअरहार्ट. मुक्काम थोडाच होणार होता, लांबला तेरा दिवस. बंदर लांबट आणि अरुंद, त्यामुळे वारा त्याच्या लांबीच्या दिशेनेच हवा. तो मिळेना, मिळाला तर विमान उठेना. तुषारांनी इंजिने भिजत. इकडे हार्बर ग्रेसला मेबल बोल ही दुसरी महिला अटलांटिक ओलांडायला दुसऱ्या विमानासह टपून बसली होती. स्टुल्ट्झ दारूकडे वळला. चरित्रकार सांगतात, इअरहार्टला त्याची काळजी लागून राहिली होती.

सामान उतरवले, भागले नाही. शेवटी टॉवर्सने ज्याला हात लावला नव्हता त्यालाच हात घालावा लागला. पेट्रोल कमी करून ७०० गॅलनवर आणले. १७ जूनला काही फसलेल्या धावांनंतर, खाऱ्या पाण्याने एक इंजिन ठसकत असताना, विमान सुटले. आता हिशेब असा होता: पेट्रोल युरोपपर्यंत पुरेल, पण चुकायला जागा नाही. रेडिओ बंद पडला. खाली 'अमेरिका' नावाचे जहाज दिसले, तेव्हा त्याच्यावर घिरट्या घालून ठिकाण विचारणारी चिठ्ठी संत्र्याला बांधून टाकली. ती समुद्रात पडली. थांबून चालणार नव्हते. वीस तास चाळीस मिनिटांनी ते वेल्समधल्या बरी पोर्टला पाण्यावर उतरले, टाक्या जवळजवळ रिकाम्या. आयर्लंड कधी ओलांडले हेही त्यांना कळले नव्हते.

जगाने हार घातले ते इअरहार्टला. तिने स्वतः प्रामाणिकपणे सांगितले की आपण विमानातले निव्वळ सामान होतो. तिथे खरोखर तोल सांभाळला तो स्टुल्ट्झने: नको तेव्हा गेला नाही, आणि गेला तेव्हा किती कमी घेऊन जायचे हे ठरवून गेला. १ जुलै १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डवर, कोरड्या जमिनीवर, दोन प्रवाशांना घेऊन हवेत कसरती करताना त्याचे विमान कोसळले. तिघेही गेले.