नशिराबाद

नशिराबाद : महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्यातील, जळगाव तालुक्यातील एक जुने बाजाराचे गाव व आता नगरपरिषदेचे ठिकाण. ते जळगाव शहराच्या पूर्वेस सुमारे १० किमी.वर, जळगाव–भुसावळ महामार्गावर वसले असून मध्य रेल्वेचे भादली स्थानक गावाच्या उत्तरेस सुमारे ३ किमी.वर आहे. गावाच्या पूर्वेकडून वाघूर नदी वाहते. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, लेण्यांच्या पायथ्याची नालाकृती घळ तिनेच कोरली आहे आणि पुढे साकेगावजवळ महामार्ग ओलांडून ती तापीला मिळते. तापीच्या गाळाने बनलेल्या काळ्या, खोल जमिनीमुळे हा पट्टा कापूस आणि केळी या दोन पिकांवर उभा आहे. भादली, आसोदा, बामणोद या आसपासच्या गावांची भरिताची वांगी खानदेशाबाहेरही मागणीत असतात. जळगावच्या केळीस व भरीत वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या नावाने माल विकण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले.

गावाचे नाव अरबी ‘नसीर’ (साहाय्य करणारा) आणि फार्सी ‘आबाद’ (वसलेले) या शब्दांचे बनले असून बोलीत ‘स’चा ‘श’ होऊन ते नशिराबाद झाले. खानदेशावर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६०१ पर्यंत फारुकी घराण्याचे राज्य होते. त्या घराण्यातील नसीर खान (कार. १३९९–१४३७) याने असीरगड घेतला व बऱ्हाणपूर वसविले, त्यामुळे या गावाच्या नावाशीही त्याचा संबंध जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, तथापि केवळ नामसाम्य हा पुरावा नव्हे. राजस्थानात अजमेरजवळ दुसरे नसिराबाद आहे. ती १८१८ मध्ये वसविलेली इंग्रजांची छावणी असून सर डेव्हिड ऑक्टरलोनी या सेनाधिकाऱ्यास मोगल बादशहाने दिलेल्या ‘नासिरुद्दौला’ या किताबावरून तिला ते नाव पडले.  खानदेशातील नशिराबाद इंग्रजी अंमलाच्या फार पूर्वीचे आहे व तेथील अनेक जुन्या मशिदी त्याची साक्ष देतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी गावाला जे भोगावे लागले, ते सगळ्या खानदेशाने भोगले. दक्षिणेकडील सातमाळ्याच्या, म्हणजे अजिंठ्याच्या, रांगेतून भिल्लांच्या टोळ्या खाली उतरत व गावांना उपद्रव देत. १८०१ मध्ये जुबा नावाच्या पुंडाने नशिराबाद लुटले आणि पुढच्या मोठ्या दुष्काळाच्या तोंडावर त्याची पुन्हा नासधूस झाली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकराच्या फौजा खानदेशातून गेल्या, पेरण्या बुडाल्या आणि १८०३ च्या दुष्काळात गावेच्या गावे ओस पडली. या घटनांच्या नोंदी मुख्यतः कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी पुढे केलेल्या आहेत, त्यामुळे ‘लुटारू भिल्ल’ हा त्यांतील शब्दप्रयोग जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. घाटवाटांची राखण करण्याचा व त्याबद्दल गावांकडून हक्क घेण्याचा भिल्ल नाईकांचा जुना व्यवहार त्या धामधुमीत मोडला होता, आणि ज्यास इंग्रज लूट म्हणत, ती काही अंशी बुडालेल्या हक्काची वसुली होती.

 या भागात युरोपीय आले ते गावाच्या वाटेवरून, आणि त्यांची कामे आसपासच्या मुलखात विखुरलेली आहेत. १६७० च्या दशकात इंग्रजांनी पश्चिमेस धरणगावी कापडखरेदीसाठी वखार घातली व शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये कंपनीचा दख्खनमधील आयुक्त एल्फिन्स्टन याने कॅप्टन जॉन ब्रिग्ज (१७८५–१८७५) यास खानदेशाचा पोलिटिकल एजंट नेमले. धुळ्याची नवी पेठ आखणारा हा अधिकारी फार्सीचा जाणकार होता आणि फिरिश्ता या इतिहासकाराच्या फार्सी ग्रंथाचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. खानदेशाच्या फारुकी सुलतानांची हकिकत इंग्रजी वाचकांना प्रथम सविस्तर कळली ती मुख्यतः त्यातूनच. डोंगरातील बंदोबस्त त्याला बळाने साधला नाही. तो १८२५ पासून बदललेल्या धोरणाने साधला. शिक्षेऐवजी माफी, शेतीसाठी तगाई आणि पलटणीत नोकरी, असे त्या धोरणाचे स्वरूप होते. लेफ्टनंट जेम्स औट्रम (१८०३–१८६३) याने त्या वर्षी खानदेश भिल्ल पलटण उभारली व तिचे ठाणे धरणगावी ठेवले. १८५७ च्या लखनौच्या लढाईमुळे औट्रमचे नाव जगास माहीत झाले. खानदेशात मात्र त्याची आठवण वाघाच्या शिकारीत भिल्लांबरोबर पायी जाणारा साहेब अशी राहिली.

यांहून वेगळा माणूस मेजर रॉबर्ट गिल (१८०४–१८७९). वाघूरच्या वरच्या अंगास असलेली अजिंठ्याची लेणी २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. त्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील नकला करण्यासाठी १८४४ मध्ये मद्रास फौजेतील गिलची नेमणूक झाली. पुढील जवळजवळ दोन दशके त्याने या कामी घालविली. नकला विलायतेस जाऊन लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. गिल परत गेला नाही. त्याची कबर भुसावळच्या युरोपीय दफनभूमीत आहे, म्हणजे नशिराबादपासून सुमारे १५ किमी.वर. अजिंठ्यास जाणारे हजारो प्रवासी भुसावळ वा जळगावला उतरतात, पण त्या कबरीकडे वळणारे विरळाच.

इंग्रजी अमदानीत नशिराबाद तालुक्याचे नाव झाले. जेम्स कॅम्बेल याने संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरील बारावा खंड १८८० मध्ये निघाला. त्यात जिल्ह्याच्या उपविभागांमध्ये जळगाव नव्हे, नशिराबाद हे नाव येते. पण तोवर पारडे फिरले होते. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव–पाचोरा–जळगाव–भुसावळ असा टाकला गेला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावला स्थानक मिळाले, तेथे कापसाची पेठ, सरकी काढण्याचे जिन व गठ्ठे दाबण्याचे प्रेस उभे राहिले. नशिराबादच्या वाट्याला तीन किलोमीटरवरचे भादली आले आणि बैलगाडीचा माल सरळ जळगावकडे जाऊ लागला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे जळगावी गेले आणि तालुकाही जळगावच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याआधी १९०१ च्या जनगणनेत नशिराबादची वस्ती १२ हजारांच्या वर आणि जळगावची सुमारे १६ हजार होती. दोन गावांतले अंतर मुळात एवढेच होते. ते वाढविले रेल्वेच्या रुळांनी.

त्याच काळातील गॅझेटिअरमध्ये गावचा उद्योग म्हणून काचेच्या बांगड्यांचा उल्लेख आहे. जुन्या देशी पद्धतीत काचारी, म्हणजे काच गाळणारा कारागीर, वाळू व खारी माती एकत्र भाजून कच्ची काच करी. ती भट्टीत पुन्हा वितळवून तिचा लालभडक गोळा लोखंडी सळईच्या टोकावर उचलला जाई, दुसऱ्या अणकुचीदार सळईने त्याला भोक पाडले जाई आणि तो मऊ असतानाच मातीच्या शंकूवर चढवून गरगर फिरविला जाई. शंकूच्या निमुळत्या टोकाकडून रुंद बुडाकडे सरकत गोळ्याचे कडे होई व हवे ते माप आले की ते उतरवीत. अशा बांगडीस कोठेही सांधा नसे. ही बिनसांध्याची काच मनगटावर चढविणे हे वेगळेच कसब, व ते कासाराचे किंवा मण्याराचे. बायकांचा हात चेपून, हाडे जवळ घेऊन तो बांगड्या ‘भरतो’. या व्यवहारात फुटणे हा शब्द अशुभ मानतात, म्हणून मराठी घरात बांगडी फुटत नाही, ‘वाढते’.

या धंद्यावर संकट आले ते युरोपातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बोहेमिया प्रांतात, विशेषतः याब्लोनेत्स या गावात, खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी पातळ, रंगीत व स्वस्त बांगड्या तयार होऊ लागल्या आणि जाड, गडद देशी बांगडी मागे पडली. सपाट काच व आरसे बेल्जियमहून येत. वाडे-हवेल्यांतील जुन्या आरशाला ‘बेल्जियमचा आरसा’ म्हणण्याची मराठीतील रीत तेव्हाची, मग तो आरसा कोठलाही असो. ही काच शार्लरोआ शहराभोवतीच्या ज्युमे, लोदलेंसार, दाँप्रेमी अशा लहान नगरांत होत असे. दाँप्रेमी येथील कारखान्यात एमिल फूर्को याने वितळलेल्या काचेचा सलग पत्रा यंत्राने वर ओढण्याची रीत सिद्ध केली आणि तोंडाने फुंकून काच करणाऱ्या कारागिरांचे दिवस भरले. म्हणजे ज्या यंत्रयुगाने नशिराबादची भट्टी विझवली, त्यानेच दाँप्रेमीच्या फुंकणाऱ्यांनाही घरी बसविले. महाराष्ट्रात तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखाना (१९०८) व ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना (१९१६) हे स्वदेशी उत्तर होते. बांगडीचा धंदा मात्र उत्तरेत फिरोजाबादला एकवटला; तेथे फिरत्या रुळावर काचेची वेटोळी गुंडाळून ती कापतात व टोके ज्योतीवर जोडतात, आणि आज खानदेशात भरली जाणारी बांगडी बहुधा अशी सांध्याची असते.

स्थानिक स्वराज्याच्या बाबतीतही बेल्जियमशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे खेडे व शहर असा कायदेशीर भेद नसून प्रत्येक स्थानिक घटक हा ‘कम्यून’, म्हणजे महापौर व निर्वाचित मंडळ असलेली नगरपालिका, असतो. शंभरापेक्षाही कमी वस्तीच्या हेरस्टाप गावाला महापौर आहे. १ जानेवारी १९७७ रोजी एका मोठ्या पुनर्रचनेत तेथील २,३५९ नगरपालिकांच्या ५९६ झाल्या. दाँप्रेमी, ज्युमे व लोदलेंसार या तिन्ही नगरपालिका तेव्हा शार्लरोआत विलीन होऊन संपल्या. नशिराबादचा प्रवास नेमका उलटा झाला. एकेकाळी तालुक्याला नाव देणारे हे गाव दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली राहिले. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार ‘लहान नागरी क्षेत्र’ ठरण्यास किमान २५,००० वस्ती व किमान ३५ टक्के बिगरशेती रोजगार लागतो आणि ४०,००० पर्यंतच्या वस्तीची नगरपरिषद ‘क’ वर्गात मोडते. दाट गल्ल्या, मोठा बाजार व दोन शहरांच्या मधोमध महामार्गावर वस्ती असूनही नगरपरिषद येथे अलीकडेच आली. हा विलंब गावाच्या आकारमानाशी विसंगत होता, असे म्हणावे लागते.

गावाचे नाव युरोप-अमेरिकेत जे थोडेबहुत पोचले, ते ना काचेमुळे ना कापसामुळे, तर झिपरू अण्णा महाराज या अवधूतामुळे. अवधूत म्हणजे लोकरीती, वस्त्र व शुचितेची बंधने टाकून दिलेला सिद्ध पुरुष. झिपरू अण्णा दिगंबर अवस्थेत राहत व उकिरड्यावर बसत. गावातील लोक त्यांना वेडा न मानता महाराज मानीत. येवला व चाळीसगाव परिसरात साधना करीत फिरणारे स्वामी मुक्तानंद (१९०८–१९८२) त्यांच्या दर्शनास येत. गणेशपुरीच्या गुरू नित्यानंदांकडे जाण्याची दिशा त्यांना झिपरू अण्णांनीच दाखविली, अशी मुक्तानंदांच्या अनुयायांची श्रद्धा आहे. मुक्तानंदांनी ‘चित्शक्ति विलास’ या आपल्या हिंदी आत्मकथनात नशिराबादच्या या सत्पुरुषाविषयी लिहिले. १९७० पासून त्यांचे परदेश दौरे सुरू झाले व ग्रंथाची भाषांतरे होत गेली, तसे खानदेशाचा नकाशा कधी न पाहिलेल्या वाचकांच्या तोंडी नशिराबाद हे नाव आले. झिपरू अण्णांची समाधी गावात आहे व ती हिंदू-मुसलमान वस्तीच्या या गावाचे प्रमुख श्रद्धास्थान समजली जाते.

आधुनिक उद्योगांत ओरिएंट सिमेंटचा १९९७ मध्ये सुरू झालेला दळण कारखाना उल्लेखनीय आहे. तेथे तेलंगणातील देवापूर येथे भाजलेले क्लिंकर, म्हणजे सिमेंटपूर्व खडे, आणून दळले जातात. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ हा आता ५३ क्रमांकाचा झाला असून त्यावरील पथकर नाका नशिराबादच्या नावाने ओळखला जातो. रेल्वेने येणाऱ्यास मात्र आजही भादलीलाच उतरावे लागते.