पंखाचे टोक आणि कराराचे कलम

बेळगावच्या सांबरा विमानतळावर २०१९ साली स्टार एअरची सुमारे पन्नास आसनांची जेट विमाने येऊ लागली. ती बांधणाऱ्या ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीची स्थापना १९६९ ची. मोठ्या विमानांना न परवडणारे लहान मार्ग हेच तिचे क्षेत्र. तिच्या ‘ई-१७५’ या विमानाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

उडत्या विमानाच्या पंखाखालील हवेचा दाब वरच्या दाबाहून अधिक असतो. म्हणून पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घेऊन वर धावते आणि भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांपायी इंधन व्यर्थ खर्ची पडते. एम्ब्रेअरने २०१४ मध्ये पंखाची टोके नव्याने घडविली. त्यांचा विस्तार २६ मीटरांवरून साडेअठ्ठावीस मीटरांपलीकडे नेला आणि इतरही बारीकसारीक सुधारणा केल्या. कंपनीच्या हिशेबाप्रमाणे इंधनात ६.४ टक्के बचत झाली.

मागणी मात्र केवळ इंधनावर ठरली नाही. अमेरिकेतील बड्या कंपन्यांच्या वैमानिकांना भीती होती, की आपली उड्डाणे कमी वेतनावर चालणाऱ्या लहान कंपन्यांकडे जातील. म्हणून त्यांनी करारात कलम घालून घेतले: अशा विमानात ७६ हून अधिक आसने नकोत आणि उड्डाणाच्या वेळचे वजन ८६,००० पौंडांपलीकडे नको. ई-१७५ या चौकटीत नेमके बसले. २०१३ या एकाच वर्षी रिपब्लिकने ४७ आणि युनायटेडने ३० विमानांची मागणी नोंदविली.

पुढे नवा पंख आणि अधिक काटकसरी इंजिने घेऊन ‘ई-१७५-ई२’ डिसेंबर २०१९ मध्ये प्रथम उडाले. परंतु त्याचे वजन मर्यादेबाहेर गेले. कलम शिथिल होईल ही आशा फोल ठरली आणि २०२२ मध्ये काम स्थगित झाले. जपानच्या मित्सुबिशीने २००८ मध्ये हाती घेतलेले जेटही, अन्य अडचणींबरोबर याच मर्यादेशी झगडत, २०२३ मध्ये सोडून द्यावे लागले.

सरस विमान मागे राहिले, टोके बदललेले जुने विमान विकले गेले. यात वैमानिकांना दोष देणे सोपे आहे. पण त्या कलमामागे त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. वाऱ्याचा विरोध अभियंत्यांनी गणिताने कमी केला. माणसाच्या मनातील धास्ती कमी करणारे गणित मात्र त्यांच्यापाशी नव्हते.