जिवाणू कोणाचे?

पोळ्याच्या सुमारास बिंदुसरेवर बैल धुतले जातात. त्याच नदीत बीड शहराचे सांडपाणीही उतरते. हे पाणी पुढे सिंदफणेतून गोदावरीत आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते. समुद्राच्या पाण्यात विष्ठेतील जिवाणू आढळले, तर ते जनावरांचे की माणसांचे, हे कसे ओळखावे? मित्रहो, आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

माग काढण्याआधीच आरोपी ठरविण्याची रीत जुनी आहे. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीचे मूळ गंगेच्या मुखाकडील प्रदेशात असल्याचे मानले आणि प्रसाराचे खापर मुख्यतः यात्रेकरूंवर फोडले. पंढरीच्या वारीकडेही वसाहतकालीन आरोग्यखाते पुढे याच नजरेने पाहत राहिले. (वारकऱ्यांना पिण्यास कोणते पाणी मिळत होते, ही चौकशी दुय्यम!)

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यात पटकीचा जिवाणू सापडला. काठावरचे लोक तेथेच स्नान करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत; पटकीने दगावलेल्या रुग्णाचे कपडेही तेथेच धुतले गेले होते. येथे माग थेट लागला. परंतु असा तलाव वेगळा आणि अनेक नाले पोटात घेणारा समुद्र वेगळा.

१८८५ मध्ये थिओडोर एश्चेरिश यांनी तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून जो जिवाणू वेगळा केला, तोच आजचा ई. कोलाय. पाण्यात विष्ठा मिसळल्याची ती खूण ठरली. तथापि तो गाईच्या आतड्यातही असतो. आपल्याकडे स्नानयोग्य किनाऱ्यासाठी १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० हे प्रमाण ठरलेले आहे. हा आकडा घाण किती ते सांगतो. कोणाची, ते सांगत नाही.

१९६९ मध्ये गेल्ड्राइक व केनर यांनी विष्ठाजन्य कोलिफॉर्म आणि स्ट्रेप्टोकोकस यांचे गुणोत्तर सुचविले: ४ च्या वर माणूस, ०.७ च्या खाली जनावर. कल्पना मोहक होती, पण टिकली नाही. दोन्ही जिवाणू पाण्यात वेगवेगळ्या गतीने मरतात. त्यामुळे घाण जितकी शिळी, तितके गुणोत्तर फसवे.

खरा पालट २००० साली झाला. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात टिलामूक उपसागराभोवती दुभत्या गाईंचे गोठे आहेत आणि पाण्यात कालवांची शेती. दोष गोठ्यांचा की वस्त्यांच्या सांडपाण्याचा, हा तेथे पोटापाण्याचा प्रश्न होता. अॅन बर्नहार्ड आणि कॅथरिन फील्ड यांनी बॅक्टेरॉइड्स गटातील जिवाणूंच्या डीएनएमध्ये माणसाची आणि रवंथ करणाऱ्या जनावरांची वेगळी खूण शोधली. हे जिवाणू प्राणवायूत वाढत नाहीत, म्हणून शरीराबाहेर त्यांची संख्या सहसा फुगत नाही.

ही पद्धत बिंदुसरेला जशीच्या तशी लावता मात्र येणार नाही. ऑरेगनच्या गाईंवर पारखलेली खूण येथील बैल, म्हशी, शेळ्या आणि माणसे यांच्यावर आधी पडताळावी लागेल. त्यानंतर नाला मिळण्याआधीचे आणि मिळाल्यानंतरचे पाणी बाटलीत भरायचे.