महाधमनीच्या शस्त्रक्रियेआधी सायकल कशाला?

हृदयातून निघून पोटात उतरणारी महाधमनी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. उतारवयात काहींच्या पोटात ती फुग्यासारखी फुगते. पुरुषांमध्ये फुग्याचा व्यास सुमारे ५.५ सेंटिमीटर झाला, की शस्त्रक्रियेचा विचार होतो. फुगा फुटला तर जीव वाचणे कठीण. पण शस्त्रक्रियाही जोखमीची. मग रुग्णाला ती झेपेल का, हे कसे ओळखायचे?

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत महाधमनी काही वेळ चिमट्याने बंद करतात. त्या वेळी हृदयावर मोठा भार येतो. पुढचे काही दिवस शरीराला एरवीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. नेहमीचा ईसीजी आणि इको रुग्ण पडून असताना काढतात. त्यामुळे हृदय-फुप्फुसांची राखीव ताकद त्यांत पुरेशी दिसत नाही.

ती दाखवते ‘कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट’. रुग्ण एका जागी स्थिर असलेली सायकल चालवतो. तोंडावर मास्क आणि छातीवर ईसीजीच्या तारा असतात. पेडल हळूहळू जड होत जाते. साधारण ८ ते १२ मिनिटे शरीर किती ऑक्सिजन घेते आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडते, याची नोंद होते. एका टप्प्यावर स्नायूंना केवळ ऑक्सिजनवर भागवता येत नाही आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू लागते. हा टप्पा म्हणजे ‘ॲनारोबिक थ्रेशोल्ड’. तो पूर्ण दमण्याआधीच येतो, म्हणून रुग्णाने किती जोर लावला यावर फारसा अवलंबून नसतो.

मेलबर्नमधील डॉ. पॉल ओल्डर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या १८७ ज्येष्ठ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा थ्रेशोल्ड किलोमागे मिनिटाला ११ मिलिलिटरपेक्षा कमी होता, अशा ५५ जणांपैकी १० जण हृदय व रक्ताभिसरणाच्या कारणांनी दगावले. उरलेल्या १३२ पैकी एकच.

तरीही ११ हा पास-नापासचा आकडा नव्हे. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील, तर पाय दुखून रुग्ण आधीच थांबतो आणि निष्कर्ष अपुरा राहतो. आकडा कमी आला, तर जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट बसवणे, शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात ठेवणे, वेळ असल्यास आधी काही आठवडे व्यायाम करून घेणे किंवा शस्त्रक्रिया न करता फुग्यावर लक्ष ठेवणे, हे पर्याय तपासले जातात. निवड शेवटी रुग्ण आणि डॉक्टरांनी मिळून करायची असते. चाचणीमुळे ती अंदाजाने करावी लागत नाही.