पंचाचा डोळा आणि पंचाचा शब्द



फुटबॉलच्या नियमांत गोलची व्याख्या मोठी स्वच्छ आहे. दोन खांबांमधून व आडव्या दांड्याखालून संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला, तर तो गोल. या वाक्यात ‘संपूर्ण’ हा शब्द दोनदा येतो आणि कितीतरी पंचांची कीर्ती त्या एका शब्दापायी पणाला लागली आहे.

३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दोन्ही बाजूंचे दोन-दोन गोल झालेले, आणि जादा वेळेचा खेळ चाललेला. इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या अंगाला लागून जमिनीवर आदळला आणि बाहेर उसळला. तो रेषेच्या आत पडला की रेषेवर? स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांना खात्री नव्हती. ते रेषापंच तोफिक बहरामोव यांच्याकडे धावले. बहरामोव सोव्हिएत संघातील अझरबैजानचे. दोघांना समान अशी भाषा नव्हती. हातवारे झाले, मान हलली आणि गोल दिला गेला. इंग्लंडने सामना ४-२ असा जिंकला. पुढे तीस वर्षांनी ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी जुन्या चित्रफितींवर भूमितीचे गणित मांडले, तेव्हा चेंडू संपूर्ण रेषेपार गेला नव्हता असा निष्कर्ष निघाला. अर्थात तोवर त्या चषकाचा इतिहास लिहून झाला होता.

२७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे नियतीने फासे उलटे टाकले. याच दोन देशांच्या सामन्यात इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डचा चेंडू दांड्याला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला. परंतु गोल दिला गेला नाही. घरोघरी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांना क्षणात सत्य दिसले. ज्यांनी निर्णय द्यायचा, त्यांनाच ते चित्र पाहण्याची मुभा नव्हती! ही विसंगती फार काळ टिकणे शक्य नव्हते. २०१२ साली नियममंडळाने गोलरेषेवरील यंत्रास मान्यता दिली आणि २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात प्रत्येक गोलवर सात कॅमेरे रोखले गेले. मार्च २०१८ मध्ये चित्रफीत-पंच, म्हणजे ज्यास ‘व्हीएआर’ म्हणतात तो, नियमांत समाविष्ट झाला. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूस झालेली शिक्षा, या चार प्रसंगी त्याने लक्ष घालावे, तेही चूक उघड व ढळढळीत असेल तरच, असे ठरले.

यामुळे अचूकता किती वाढली? २०१८ च्या रशियातील विश्वचषकात प्राथमिक फेरीच्या ४८ सामन्यांत ३३५ प्रसंग तपासले गेले. अचूकता ९५ टक्क्यांवरून ९९.३ टक्क्यांवर गेली, असे फिफाच्या पंच समितीचे प्रमुख पिएर्लुइजी कोलिना यांनी सांगितले. आकडा समाधान देणारा आहे. परंतु ‘अचूक’ कोणास म्हणावे, हे ठरविणारेही पंचांतलेच होते, हे विसरू नये.

आम्हा शिक्षकांना हा भेद परिचित आहे. उत्तरपत्रिकेतील गुणांची बेरीज चुकली असेल तर फेरतपासणीत ती निर्विवादपणे सुधारता येते. पण निबंधास सहा गुण द्यावेत की सात, हे दहादा वाचूनही दोन परीक्षक वेगवेगळे ठरवतील. चेंडू रेषेपार गेला का, हा बेरजेचा प्रश्न. चेंडूला लागलेला हात गुन्हा ठरावा का, हा निबंधाचा. आणि बेरजेलाही मर्यादा आहेच. सेकंदाला ५० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात, सेकंदाला दहा मीटर धावणारा खेळाडू दोन चित्रांच्या दरम्यान २० सेंटिमीटर सरकतो. म्हणूनच २०२२ साली कतारमध्ये ऑफसाइडसाठी चेंडूतच सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारे यंत्र बसवावे लागले.

इतके होऊनही ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅम व लिव्हरपूल यांच्या सामन्यात जे घडले, ते मननीय आहे. लिव्हरपूलच्या लुइस दियासचा गोल मैदानावरील पंचांनी ऑफसाइड म्हणून नाकारला. चित्रफीत-पंचांनी रेषा आखली. खेळाडू ऑफसाइड नव्हता, हे त्यांना बरोबर दिसले. मात्र मैदानावर गोल दिलेलाच आहे, अशा समजुतीने त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळविले. मैदानावरच्यांनी त्याचा अर्थ ‘गोल नाही’ असा घेतला. काही सेकंदांत चूक उमगली. पण खेळ पुन्हा सुरू झाला होता, आणि नियमाप्रमाणे आता मागे फिरता येत नव्हते. लिव्हरपूल १-२ असे हरले.

१९६६ साली दोन पंचांत समान भाषा नव्हती आणि चित्रही नव्हते. २०२३ साली चित्र होते, मोजमाप अचूक होते, भाषाही एकच होती. तरीही एकाचे दोन शब्द दुसऱ्यास भलतेच कळले. त्यानंतर इंग्लंडच्या पंच-संघटनेने योजलेल्या उपायांत नवा कॅमेरा नव्हता. निर्णय मैदानावर कळविण्याआधी चित्रफीत-पंचाने तो आपल्या सहायकाशी बोलून पक्का करावा, असे ठरले.

डोळ्याची उणीव यंत्राने पुष्कळशी भरून काढली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु एकाने पाहिलेले सत्य दुसऱ्यापर्यंत नेण्याचे काम आजही शब्दालाच करावे लागते. न्याय पुष्कळदा त्या एवढ्याशा वाटेतच सांडतो.