अभिजात मोटारगाड्यांतील वातानुकूलन यंत्रणेचे पुनरुज्जीवन

अभिजात मोटारगाड्यांतील वातानुकूलन यंत्रणेचे पुनरुज्जीवन म्हणजे कारखान्यातूनच वातानुकूलित होऊन बाहेर पडलेल्या जुन्या गाडीची बंद पडलेली यंत्रणा पुन्हा कार्यक्षम करणे आणि आवश्यक तेथे तिचे भाग आजच्या शीतकाला अनुरूप बदलणे होय. हा विषय मुख्यतः १९५० ते १९८० च्या दशकांतील अमेरिकन गाड्यांशी निगडित आहे, कारण वातानुकूलन ही सर्वसामान्य सोय तेथे इतर बहुतेक देशांच्या पुष्कळ आधी झाली. या गाड्यांची यंत्रणा आर-१२ या शीतकासाठी आखलेली होती आणि त्याचे उत्पादन आता थांबलेले आहे. त्यामुळे मूळ शीतक राखायचे की दुसऱ्याकडे वळायचे, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. पुढील बहुतेक कामे त्यावरच अवलंबून असतात.

इतिहास

कारखान्यात बसवलेले वातानुकूलन देणारी पहिली मोटार कंपनी म्हणून अमेरिकेतील पॅकार्डचे नाव घेतले जाते. १९४० च्या मॉडेलसाठी तिने ही सोय २७४ डॉलर जादा किमतीत उपलब्ध केली. कूलिंग कॉइल मागील आसनामागे होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. यंत्रणा बंद ठेवायची तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली यात नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५३ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी हा प्रयोग पुन्हा केला. जनरल मोटर्सच्या तत्कालीन गाड्यांत यंत्रणेचा मोठा भाग डिकीत असे आणि थंड हवा मागील काचेजवळून पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्यांतून छताकडे नेली जाई. १९५४ च्या नॅश अँबॅसडरमध्ये उष्णता, वायुवीजन आणि शीतन ही तिन्ही कामे पुढच्या बाजूस एकाच संचात आणली गेली. पुढील काळातील जवळजवळ सर्व गाड्यांनी हीच मांडणी स्वीकारली. १९६४ मध्ये कॅडिलॅकने ठरवलेले तापमान आपोआप राखणारी यंत्रणा आणली. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्या वातानुकूलित होत्या. आज दुरुस्तीस येणाऱ्या गाड्यांत याच काळातील गाड्यांचा भरणा अधिक आहे.

मूळ यंत्रणेची रचना

कॉम्प्रेसर वायुरूप शीतक दाबतो, कंडेन्सरमध्ये ते उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होते, रिसीव्हर-ड्रायरमध्ये त्यातील ओलावा शोषला जातो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून कूलिंग कॉइलमध्ये शिरताना दाब उतरल्याने ते उकळून गाडीतील हवेची उष्णता शोषून घेते. हे चक्र घरगुती फ्रिजसारखेच आहे. फरक एवढाच की मोटारीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. त्याची गती सतत बदलते आणि फिरता दांडा बाहेर आल्यामुळे तेथील सीलमधून गळतीस कायमची वाट राहते.

जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाचा ए-६ हा या काळातील सर्वांत परिचित कॉम्प्रेसर होय. १९६२ पासून सुमारे दोन दशके तो वापरात होता. तिरप्या चकतीवर चालणारे तीन दुतोंडी पिस्टन आणि त्यांमुळे सहा सिलिंडर, अशी त्याची रचना आहे. तो अवजड असला तरी दणकट आहे. त्याची जुन्या पद्धतीची दांड्यावरील सील मात्र थोडे तेल सोडतेच. बॉनेटच्या आतील बाजूस कॉम्प्रेसरच्या क्लचसमोर उमटलेली तेलाची रेघ ही त्याची ओळखीची खूण आहे. आता दुहेरी ओठांची सुधारित सील मिळते आणि ती बसवल्यास हा दोष बहुतांशी दूर होतो.

१९६० च्या दशकातील जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर सतत चालू असे. कॉइलवर बर्फ साचू नये म्हणून पीओए नावाची झडप कॉइलमधील दाब ठरावीक पातळीखाली उतरू देत नसे. क्रायस्लरने याच कामासाठी आपल्या व्ही आकाराच्या आरव्ही-२ कॉम्प्रेसरमध्येच नियंत्रक झडप बसवली होती. क्लच वारंवार चालू-बंद करण्याची आजची पद्धत नंतर रूढ झाली. जुन्या पद्धतीत इंधन अधिक खर्च होई, परंतु हवेचा गारवा एकसारखा राही.

शीतकाचा प्रश्न

आर-१२ हे क्लोरोफ्लुरोकार्बन गटातील शीतक आहे. ही संयुगे ओझोनचा थर नष्ट करू शकतात हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आले. अमेरिकेत ते १९९५ अखेर बंद झाले, तर भारतात काही औषधी वापर वगळता १ ऑगस्ट २००८ पासून थांबले. अमेरिकेत साठ्यातील व पुनर्प्राप्त केलेले आर-१२ प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञास आजही वापरता येते. ते हवेत सोडणे मात्र गुन्हा आहे. तेव्हा जुन्या यंत्रणेचे कोणतेही जोड सैल करण्यापूर्वी तिच्यात उरलेले शीतक यंत्राने काढून साठवणे ही पहिली पायरी ठरते.

१९६० च्या दशकातील मोठ्या गाड्यांत पावणेदोन किलोच्या आसपास आर-१२ भरलेले असे. गळक्या यंत्रणेत ते दरवर्षी नव्याने भरणे महाग तर आहेच, शिवाय ते अखेर वातावरणातच जाते. याउलट सर्व सील व नळ्या नव्या केलेल्या घट्ट यंत्रणेत एकदा भरलेले आर-१२ अनेक वर्षे टिकते. म्हणून मूळ शीतक राखण्याचा मार्ग खर्चिक वाटला तरी तो अव्यवहार्य नाही.

आर-१३४ए कडे रूपांतर

सर्वाधिक प्रचलित पर्याय आर-१३४ए आहे. ते ओझोनला अपाय करीत नाही, परंतु हरितगृह वायू म्हणून ते कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. केवळ भरणनळीचे तोंड बदलून नवा वायू भरला की काम झाले, हा समज महागात पडतो.

पहिली अडचण तेलाची आहे. आर-१२ बरोबर वापरले जाणारे खनिज तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. त्यामुळे ते कंडेन्सर व कॉइलमध्ये साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. जुने तेल काढून यंत्रणा धुऊन घेणे आणि एस्टर किंवा पीएजी तेल घालणे म्हणूनच अनिवार्य आहे. पीएजी हवेतील ओलावा फार लवकर शोषते आणि जुन्या यंत्रणेतील क्लोरीनयुक्त अवशेष त्याला मानवत नाहीत, यामुळे रूपांतरात एस्टर अधिक पसंत केले जाते. ड्रायरमधील शोषकही नव्या शीतकाला चालेल असा हवा. आर-१३४ए चे रेणू लहान असल्याने आतून नायलॉनचा थर दिलेल्या नळ्या वापरतात. जुन्या धातूच्या टोकांवर अशा नळ्या दाबून बसवल्यास मूळ रूपही फारसे बिघडत नाही.

दुसरी आणि अधिक मूलभूत अडचण दाबाची आहे. ६० अंश सेल्सियसला आर-१२ चा दाब सुमारे २०७, तर आर-१३४ए चा सुमारे २२९ पौंड प्रति चौरस इंच असतो. याचा भार कंडेन्सरवर पडतो. महामार्गावर फरक जाणवत नाही, पण उन्हात सिग्नलला थांबलेल्या गाडीत हवा कोमट होऊ लागते. समांतर प्रवाहाचा नवा कंडेन्सर हा यावरील सर्वांत परिणामकारक उपाय आहे. तथापि त्याआधी पंख्याभोवतीचे आवरण जागेवर आहे का, पंख्याचा क्लच नीट पकडतो का आणि कंडेन्सर व रेडिएटर यांमधील फोमच्या पट्ट्या शाबूत आहेत का, हे पाहणे स्वस्त पडते. कारखान्याने हे भाग शोभेसाठी दिलेले नव्हते.

कमी दाबाच्या बाजूस चित्र उलटे आहे. शून्य अंशाला आर-१२ चा दाब सुमारे ३० आणि आर-१३४ए चा सुमारे २८ पौंड असतो, म्हणून पीओए झडप दोन-तीन पौंडांनी खाली जुळवून घ्यावी लागते. भरावयाचे शीतक वजनाने मूळच्या साधारण ८० ते ८५ टक्के असते. ड्रायरवरील काचेत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत भरत राहण्याची जुनी रीत येथे चालत नाही. आर-१३४ए योग्य प्रमाणात असतानाही काच धूसर दिसू शकते, आणि त्यामुळे जादा भरणा होतो. दाब फार वाढल्यास कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच, नव्या मापाची भरणतोंडे आणि शीतकाचे नाव दर्शवणारी पट्टी यांबाबत अमेरिकेत नियम आहेत. ज्वलनशील हायड्रोकार्बन वायू आर-१२ ऐवजी भरण्यास तेथे मनाई आहे.

तपासणी व दुरुस्तीचा क्रम

गळती शोधण्यासाठी यंत्रणेत कोरडा नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचे पाणी लावतात. दाबाखालील हवा यासाठी वापरू नये. ती ओलावा आत नेते आणि आर-१३४ए शी मिसळल्यास ज्वलनशीलही ठरू शकते. गळती थांबल्यावर किमान पाऊण तास निर्वात पंप चालवतात. दाब पुरेसा उतरला की आतील पाणी सामान्य तापमानालाच उकळून निघून जाते. पंप बंद केल्यावर निर्वात टिकते का हे पाहूनच शीतक भरतात. १९७० च्या दशकातील काही जनरल मोटर्स गाड्यांत शीतक कमी झाल्यास क्लचचा फ्यूज मुद्दाम वितळवणारी संरक्षक व्यवस्था आहे. तिची माहिती नसल्यास निर्दोष कॉम्प्रेसर टाकून दिला जाण्याचा संभव असतो.

दाब योग्य असूनही हवा गार नसेल, तर दोष बहुधा शीतनाकडे नसतो. हीटरला गरम पाणी पुरवणारी झडप पूर्ण मिटत नसेल, तर थंड झालेली हवा पुढे पुन्हा तापते. तसेच डॅशबोर्डमागील झडपा इंजिनच्या निर्वातावर चालत असल्याने एखादी चिरलेली रबरी नळी बाहेरची गरम हवा आत घेऊ लागते. झडपांच्या कडांचा फोम तर बहुतेक गाड्यांत चुरा झालेला आढळतो.

मूळपणा आणि पर्यायी संच

अमेरिकेतील व्हिंटेज एअरसारख्या कंपन्या कॉम्प्रेसर, कॉइल, पंखा व नियंत्रणे यांचा संपूर्ण नवा संच पुरवतात. त्यांतील छोटे कॉम्प्रेसर इंजिनवर कमी भार टाकतात आणि संच सुरुवातीपासूनच आर-१३४ए साठी आखलेला असतो. मात्र त्यासाठी डॅशबोर्डमागील मूळ पेटी काढावी लागते आणि काही वेळा पत्राही कापावा लागतो. मूळ रूपाला गुण देणाऱ्या स्पर्धांत भाग घेणारे मालक हा मार्ग टाळतात. त्यांच्यासाठी ए-६ च्याच मापाचे, मूळ कंसांवर बसणारे हलके कॉम्प्रेसर उपलब्ध आहेत. काढलेले मूळ भाग तोंडे बंद करून जपून ठेवल्यास गाडी पुढे पूर्वस्थितीत आणता येते.