मिठाचा कर आणि मिठातलं आयोडीन

समजा, तुम्हाला देशातल्या प्रत्येक माणसापर्यंत एक गोष्ट रोज पोचवायची आहे. कशातून पाठवाल? आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत विचारायचं तर, शंभर टक्के युजर असलेला चॅनल कुठला? उत्तर स्वयंपाकघरातल्या डब्यात आहे. मीठ!

हे उत्तर इंग्रजांना आपल्याआधी सापडलं होतं. १९३० साली मिठावर मणामागे सव्वा रुपया कर होता. मण म्हणजे साधारण ३७ किलो. आता डहाणू-तलासरीकडचा विचार करा. वारली माणूस भात, नाचणी शेतात पिकवेल, कंदमुळं-भाजी जंगलातून आणेल, पण मीठ काही शेतात उगवत नाही. मुंबईचा शेठ आणि झरीचा वारली मीठ साधारण सारखंच खाणार, म्हणजे करही सारखाच भरणार. कमाई मात्र? १९४५ साली तलासरीजवळच्या याच झरीत किसान सभेची परिषद भरली आणि वारल्यांनी वेठबिगार नाकारली. तोवर इथे अनेकांना राबण्याचा मोबदलाही धड मिळत नव्हता. मिठाचा कर सर्वांत गरीब माणसाला सर्वांत जास्त का बोचत होता, ते यावरून कळतं.

गांधीजींनी नेमकं तेच हेरलं. ६ एप्रिल १९३० ला दांडीला मीठ उचललं गेलं. २१ मे ला धरासणाच्या मिठागरावर सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही लाठ्या खात पुढे जात राहिले. हे धरासणा डहाणूहून फार लांब नाही बरं का. त्याच रेल्वेमार्गावर वलसाडच्या पुढे डुंगरी स्टेशन लागतं, तिथून जवळच. पुढे १९४७ मध्ये मिठावरचा कर गेला.

आता गोष्टीचा दुसरा भाग. शरीराला रोज साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी त्यापासून हार्मोन बनवते. आयोडीन कमी पडलं की ती फुगते, हाच गलगंड. पण खरा धोका दिसत नाही: गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही.

"पण आम्ही तर समुद्राकाठचे, आमच्या मिठात आयोडीन असणारच!" असं वाटणं साहजिक आहे. जरा हिशोब करू. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि जेमतेम ६० मायक्रोग्रॅम आयोडीन. ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं असं धरलं, तरी १५० मायक्रोग्रॅमसाठी रोज ८५-९० ग्रॅम मीठ खावं लागेल. अशक्य! समुद्राचं आयोडीन मासळीतून मिळतं. म्हणजे बंदरावरच्या मांगेल्याच्या ताटात ते रोज येईल, पण डोंगराकडच्या पाड्यावर बाजारातून जेवढी सुकट-बोंबील जाईल तेवढंच.

१९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आजच्या हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवलं. तिथल्या मुलांमधला गलगंड झपाट्याने कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आपल्या दमट हवेत टिकावं म्हणून मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. ग्राहकाच्या हाती पडताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं, असं प्रमाण ठरलं.

मग वाद. सक्ती का? गांधीजींनी मोकळं केलेलं मीठ सरकारने पुन्हा बांधायचं का? साध्या मिठाच्या विक्रीवरची बंदी २००० साली उठली, २००६ मध्ये परत आली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला, पण नव्या अन्नसुरक्षा नियमांत बंदी राहिली. छोट्या मिठागरवाल्यांची अडचण खरी होती, हे मान्य करायलाच हवं. तरीही मला वाटतं, पारडं आयोडीनकडेच झुकतं. करही मिठातूनच गेला आणि औषधही मिठातूनच; फरक इतकाच की कराने पाड्यावरच्या बाईकडून घेतलं, आयोडीनने तिच्या बाळाला दिलं.

याचा अर्थ मीठ जास्त खा असा नाही हं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच बरं.

आणि गंमत बघा, आज हा चॅनल सोडून चाललोय ते आपणच. 'नॅचरल' म्हणून महागडं गुलाबी मीठ घेताना पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का, ते किती जण बघतात? घरात बाळाची चाहूल असेल तर जरूर बघा.